परीक्षेचे नाटक

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी, पाऊस आठ-दहा दिवसांवर आलेला असताना, तिकोणा पेठेतल्या देवळासमोरच्या पटांगणात मी एक नाटक पाहिले. कागदोपत्री ते नाटक महिनाभरापूर्वीच संपले होते. त्याची परीक्षा झाली होती, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी घेतली होती, गुण बंद पाकिटात घालून विद्यापीठाकडे रवाना झाले होते. आमच्या शेजारच्या मुलीने नाट्यशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षासाठी बसवलेला हा चाळीस मिनिटांचा प्रयोग. वर्गातल्या सहा जणांना ती कामशेतपर्यंत लोकलने आणि पुढे जीपने घेऊन आली होती. "काका, परीक्षा झाली. आता आजीला दाखवायचंय," एवढेच तिने मला सांगितले.

मी नाट्यशास्त्र शिकवण्यात उभी हयात घालवली आणि निवृत्तीनंतर इथे, किल्ल्याच्या पायथ्याशी, येऊन राहिलो. बाह्य परीक्षक म्हणून अशी पदवीची नाटके किती पाहिली याची मोजदाद नाही. त्यातले एकही मी परीक्षेच्या दिवसानंतर पुन्हा पाहिले नव्हते. त्या रात्री पटांगणात सतरंजीवर बसलो असताना ही गोष्ट पहिल्यांदा खुपली. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नाटक मंडळ्या लिहिल्या, संगीत नाटक लिहिले, स्पर्धा आणि प्रायोगिक चळवळी लिहिल्या. पण दरवर्षी, नियमाने, महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत जी डझनावारी नाटके पदवीसाठी बसतात, त्यांचा इतिहास कुठे आहे? हा लेख त्या प्रश्नाच्या मागे गेलेल्या दीड वर्षाचा हिशेब आहे.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत या शेवटच्या कामाला 'कॅपस्टोन' म्हणतात. बांधकामाच्या माथ्यावर बसवायचा शेवटचा दगड, आपल्याकडे म्हणायचे तर कळस. आपल्या विभागांत त्याला कुठे 'पदवी प्रयोग', कुठे 'शेवटच्या वर्षाचं प्रॉडक्शन' म्हणतात. मुले मात्र सरळ 'परीक्षेचं नाटक' म्हणतात, आणि मला तेच नाव सगळ्यांत प्रामाणिक वाटते.

जुन्या मराठी रंगभूमीला ही कल्पनाच परकी होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' आणले, आणि त्यानंतरच्या पन्नासएक वर्षांत नट घडला तो मंडळीच्या बिऱ्हाडात. पोरसवदा वयात मंडळीत यायचे, पडेल ते काम करायचे, तालीममास्तरांपुढे उभे राहायचे, आपल्या वाट्याची नक्कल पाठ करायची. नक्कल म्हणजे संपूर्ण नाटक नव्हे. आपली वाक्ये आणि त्याआधीच्या पात्राचे शेवटचे चार शब्द, एवढाच उतारा नटाच्या हाती असे. बाकीचे नाटक विंगेत उभे राहून ऐकायचे. शिक्षण कधी पूर्ण झाले हे सांगणारा कोणी नव्हता. मोठा नट आजारी पडला, आयत्या वेळी तुम्हाला उभे केले आणि पब्लिकने तुम्हाला ठेवून घेतले, तर तुम्ही पास. परीक्षक तिकीट काढून येत होते.

मंडळ्या बसल्या, बोलपट आले, आणि मग परीक्षेची ती जागा स्पर्धेने घेतली. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा आणि १९६३ पासून पुण्याचा पुरुषोत्तम करंडक ही महाराष्ट्राची खरी नाट्यविद्यालये ठरली, असे म्हणायला हरकत नाही. भरत नाट्य मंदिरात एकांकिका करून गेलेल्या पोरांची यादी आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या मराठी नाटक-सिनेमाच्या श्रेयनामावल्या शेजारी ठेवून पाहाव्यात. डिसेंबर १९७२ मध्ये त्याच रंगमंचावर 'घाशीराम कोतवाल' उभे राहिले, ते करणाऱ्यांत डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ आणि सतीश आळेकर जीवरसायनशास्त्रातले. नाट्यशास्त्राची पदवी यांच्यापैकी कोणाकडेच नव्हती. गंमत अशी की पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र सुरू झाले १९८७ साली, आणि १९९६ पासून तेरा वर्षे त्याची धुरा होती आळेकरांकडे. ज्यांनी स्वतः नाटकाची परीक्षा कधी दिली नाही त्यांनी आमच्याकडे नाटकाच्या परीक्षा बसवल्या. मी हे उणे म्हणून सांगत नाही. स्पर्धेत मुरलेल्या माणसांना प्रयोग म्हणजे काय हे पक्के ठाऊक होते, त्यामुळे आमच्या अभ्यासक्रमांत लेखी पेपरपेक्षा प्रयोगाला वजन आले. पण स्पर्धेची एक सवयही सोबत आली. निकाल लागला की नाटक संपले.

पदवीसाठी नाटक बसवण्याची रीत मात्र स्पर्धेतून आलेली नाही, ती दुरून आली. हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर हा प्राध्यापक नाट्यलेखन शिकवत असे. विद्यार्थ्यांनी लिहिलेले नाटक कागदावर तपासण्यात अर्थ नाही, ते उभे करून पाहिले पाहिजे, म्हणून १९१२ च्या सुमारास त्याने '४७ वर्कशॉप' काढले. ४७ हा त्याच्या वर्गाचा क्रमांक. यूजीन ओनील १९१४ साली त्याच्याकडे शिकायला आला. हार्वर्डला हे काम पदवीच्या तोलाचे वाटत नव्हते, म्हणून अखेर १९२५ साली बेकर येलला निघून गेला. दरम्यान पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेत १९१४ पासून नाटकाची पदवीच मिळू लागली होती. बेकरच्या वर्कशॉपमधला एक नियम मला फार आवडतो. प्रेक्षक निमंत्रित असत, आणि प्रत्येकाने प्रयोग पाहून आपले मत लिहून द्यायचे असे. ते कागद नाटककाराच्या हाती जात. म्हणजे प्रेक्षकालाही गृहपाठ होता. परीक्षा देणारा एक आणि घेणारा एक, एवढ्यावर बेकर थांबला नाही. त्याने तिसऱ्या माणसाला खोलीत आणले.

आपल्याकडे ही रीत दिल्लीमार्गे आली. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली निघाले आणि १९६२ मध्ये इब्राहिम अल्काझी त्याचे संचालक झाले. पुण्यात जन्मलेला, लंडनच्या राडामध्ये शिकलेला आणि मुंबईत नाटक करून नावारूपाला आलेला हा माणूस पंधरा वर्षे त्या खुर्चीवर होता. तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याने शेवटी स्वतंत्रपणे उभे केलेले 'डिप्लोमा प्रॉडक्शन' ही घडी देशभरातल्या विभागांनी गिरवली. तिथून शिकून परतलेले लोक महाराष्ट्रात मास्तर झाले. कमलाकर सोनटक्के औरंगाबादला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात आले, बीड जिल्ह्यातून दिल्लीला गेलेले वामन केंद्रे पुढे मुंबई विद्यापीठाच्या नाट्य अकादमीच्या उभारणीत होते. आज कोल्हापूरपासून नांदेडपर्यंत नाटक शिकवले जाते. शेवटच्या वर्षी नाटक बसवायचे, हे त्या सगळ्यांत सारखे.

सारखी आहे ती अडचणही. विद्यापीठाला गुण हवे असतात ते एकेकट्या विद्यार्थ्याचे, आणि नाटक एकट्याचे नसते. दिग्दर्शक विद्यार्थ्याची परीक्षा ज्या नटांवर, ते त्याचेच वर्गमित्र, त्यांची अभिनयाची परीक्षा त्याच नाटकात. प्रकाशयोजना तिसऱ्याची, नेपथ्य चौथ्याचे. एकाचे पाऊल घसरले तर चौघांच्या गुणपत्रिका हलतात. ऐन भारनियमनाच्या वर्षांतला एक प्रसंग सांगतो. गावाचे आणि विभागाचे नाव नको. प्रयोग सुरू होऊन वीस मिनिटे झाली आणि वीज गेली. जनरेटरला डिझेल नव्हते. मुले थांबली नाहीत. विंगेतून दोन बॅटऱ्या आल्या आणि उरलेले नाटक त्या दोन झोतांत झाले. मी आजवर पाहिलेल्या उत्तम प्रयोगांतला तो एक. नंतर आम्ही तिघे परीक्षक तासभर भांडलो, की प्रकाशयोजनेचे गुण कोणाला आणि किती. आराखडा ज्या मुलीचा होता तिचे दिवे लागलेच नव्हते. बॅटऱ्या धरणारा मुलगा संगीताच्या गटातला, त्याच्या तक्त्यात प्रकाशयोजनेचा रकानाच नव्हता. शेवटी मुलीला कागदावरच्या आराखड्याचे गुण दिले. मुलाला काहीच देता आले नाही. त्या निकालाची मला अजून लाज वाटते.

मराठी नाटकाच्या अभ्यासकाला सगळ्यांत जास्त छळणारी गोष्ट याहून वेगळी आहे. ती समजायला पुण्यातल्या लॉ कॉलेज रस्त्यावर एक फेरी मारावी. प्रभातच्या जुन्या स्टुडिओत १९६० साली चित्रपट संस्था आली. तिथला विद्यार्थीही शेवटी एक परीक्षेचे काम करतो, त्याला डिप्लोमा फिल्म म्हणतात. ती डब्यात राहते. दहा-वीस वर्षांनी तो विद्यार्थी मोठा दिग्दर्शक झाला तर लोक ती काढून पाहतात, तिच्यावर लेख लिहितात, महोत्सवांत दाखवतात. हाकेच्या अंतरावर १९६४ सालापासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. २००३ साली संस्थेच्या आवारात आग लागून प्रभातच्या जुन्या रिळांचे मोठे नुकसान झाले तेव्हा सगळा देश हळहळला. काय जळाले हे ठाऊक होते म्हणून हळहळला. तिथून गणेशखिंडीतल्या विद्यापीठात यायला रिक्षाने फार तर वीस मिनिटे. त्याच शहरात, त्याच वयाच्या मुलांनी, तेवढ्याच घामाने केलेले नाटक दुसऱ्या दिवशी सकाळी सेटचे खिळे उपटताना संपते. त्याच्यासाठी हळहळायला काही उरतच नाही.

नाटक क्षणभंगुर असते, त्यातच त्याचे सौंदर्य आहे, असे यावर म्हणायची पद्धत आहे. मीही वर्गात पुष्कळ वर्षे म्हणत आलो. आता ते मला आळसाचे बोलणे वाटते. व्यावसायिक नाटकाचा प्रयोगही त्या रात्रीच संपतो, पण त्याची संहिता छापली जाते, जाहिराती आणि परीक्षणे वर्तमानपत्रांत सापडतात, आणि आपल्या राज्यात रंगभूमी प्रयोग परीनिरीक्षण मंडळाकडे संहिता दाखल करावी लागते ती वेगळीच. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी आली, १९७२ साली 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंगांना कोर्टाची पायरी चढावी लागली. या भांडणांची कागदपत्रे म्हणजे नाट्येतिहासकारांचे घबाड. सेन्सॉरने नाटकाचे भले केले असे म्हणवत नाही, पण कागद जपले ते त्याने, हे खरे आहे. परीक्षेचे नाटक या कुठल्याच वाटेने जात नाही. त्याला तिकीट नाही, जाहिरात नाही, परीक्षण नाही. ते विभागाच्या चार भिंतींतले, म्हणजे जणू उत्तरपत्रिका.

ते उत्तरपत्रिका की नाटक, हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पुण्याच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचे एक सादरीकरण चालू असताना काही विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते बंद पाडले. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गोष्टीचे ते नाटक होते. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली आणि नंतर जामीन मिळाला. त्या नाटकाच्या बऱ्यावाईटाबद्दल मी इथे लिहिणार नाही, कारण मी ते पाहिलेले नाही, आणि ज्यांनी त्यावर पानेच्या पाने लिहिली त्यांतल्या बहुतेकांनीही पाहिलेले नव्हते. माझा मुद्दा अभ्यासकाचा आहे. त्या दिवसांत एक बाजू म्हणत होती की हा शिक्षणाचा भाग, बाहेरच्यांनी त्यात पडू नये. दुसरी म्हणत होती की प्रेक्षकांपुढे केले म्हणजे ते जाहीर झाले. दोन्ही बाजू काही अंशी खऱ्या होत्या. परीक्षेचे नाटक एकाच वेळी दोन्ही असते. बेकरने प्रेक्षकांकडून लेखी मत मागितले तेव्हा त्याने ही गाठ ओळखली होती आणि तिसऱ्या माणसावर काही जबाबदारी टाकली होती. आपण प्रेक्षकाला आत तर घेतले, त्याच्या हाती कागद-पेन्सिल काही दिली नाही.

मग मी शोधायला निघालो. एका जुन्या विभागात, तिथे माझे पूर्वी येणेजाणे होते, मी मागच्या तीस वर्षांच्या परीक्षेच्या नाटकांच्या प्रयोगप्रती मागितल्या. प्रयोगप्रत म्हणजे छापील संहिता नव्हे. तालमीत दिग्दर्शकाच्या मांडीवर असते ती वही. डाव्या पानावर संवाद, उजव्या पानावर पेन्सिलीने कोण कुठून येतो, कुठे थांबतो, कोणता स्पॉट केव्हा, कुठे वाक्य कापले, कुठे घातले. मुलांनी परीक्षेला ती सादर करायची असा बहुतेक ठिकाणी नियम आहे. विभागातल्या बाईंनी मला मोठ्या सौजन्याने गुणांचे खातेवही काढून दाखवले, पहिल्या वर्षापासूनचे, एकही पान न हरवलेले. प्रयोगप्रती? "त्या रद्दीत जातात सर. नाहीतर ठेवायच्या कुठं?" त्यांची चूक नव्हती. कपाट एकच होते आणि नियम गुण जपायला सांगतो.

म्हणजे अमुक साली अमुक मुलाला दिग्दर्शनात शंभरपैकी एकाहत्तर मिळाले हे मला आज सांगता येते. त्याने कोणते नाटक केले, हेही कधीकधी सांगता येते. राजा डावीकडून आला की उजवीकडून, शेवटी दिवे गेले की राहिले, हे मात्र नाही. आता मुले मोबाइलवर प्रयोग टिपतात, त्याचा फार उपयोग होत नाही. मागच्या रांगेतून घेतलेल्या त्या चित्रफितीत माणसे काडेपेटीतल्या काड्यांएवढी, आवाज पंख्याचा, आणि दोन वर्षांनी फोन बदलला की तीही गेली. शिवाय चित्रफीत झाले ते दाखवते. काय करून पाहिले आणि टाकले, ते फक्त वहीत असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे आता पदवी चार वर्षांची होऊ घातली आहे आणि चौथ्या वर्षाला संशोधन प्रकल्पाचा पर्याय आला आहे. नाटकाच्या मुलांनी त्यात प्रबंध लिहायचा की प्रयोग करायचा, यावर बैठका चालल्या आहेत. ती वही प्रबंध का समजू नये, असे मी एका बैठकीत विचारले. चहा आला आणि विषय पुढे गेला.

माझी स्वतःची वही माझ्याकडे आहे, पत्र्याच्या ट्रंकेत. ती उरली त्याला कारण, परीक्षेच्या दिवशी मी ती सादर करायला विसरलो होतो आणि पाच गुण गमावले होते.

तर पुन्हा तिकोणा पेठेतले पटांगण. मुलीने केलेले नाटक पवना धरणाचे होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला धरण झाले, पवन मावळातली भाताची खाचरे आणि घरे पाण्याखाली गेली, त्या हलाखीत तिची आजी लग्न होऊन नुकतीच आलेली. पुनर्वसनाच्या प्रश्नावर इथली माणसे अजूनही अर्ज घेऊन फिरतात, आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये बंद जलवाहिनीच्या विरोधात द्रुतगती मार्गावर बऊरजवळ जमलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन तिघे गेले, ते कोणी विसरलेले नाही. नाटकात यातले थोडेच होते. एक घर, एक सासू, एक सून, आणि येणारे पाणी. परीक्षेच्या प्रयोगातही मी मागे बसलो होतो. तिथे पाणी म्हणजे निळे कापड होते. डाव्या विंगेतून दोन मुलांनी ते हळूहळू ओढत आणले, चुलीवरून, पाळण्यावरून, उजव्या विंगेपर्यंत. परीक्षकांनी मान डोलावली. मीही डोलावली असती.

पटांगणात विंगा नव्हत्या. भारुडाला लागतात तसे दोन बाजूंना दोन मोठे दिवे, मागे देवळाची भिंत, समोर बायका-पोरे, म्हातारी माणसे कडेच्या कट्ट्यावर. कापड ओढायला सुरुवात झाली तशी पुढच्या रांगेतल्या आजी बसल्या जागेवरून बोलल्या. रागावून नव्हे, पोळी करपते आहे हे सांगावे तशा.

"अगं, पानी असं अंगावर न्हाई आलं. खालनं आलं. आदी हिर भरली."

नाटक थांबले. सुनेचे काम करणारी मुलगी, शहरातली, हातात तांब्या घेऊन तशीच उभी. दिग्दर्शिका विंग म्हणून उभ्या केलेल्या बैलगाडीमागून बाहेर आली. मग पाच-सात मिनिटे कट्ट्यावरून आणि सतरंजीवरून माहिती येत राहिली. आधी विहिरीचे पाणी वर आले, कुणाला वाटले यंदा पाऊस बरा झाला. मग ओढा उलटा फिरला. मग खाचरात पाणी उभे राहिले आणि उतरलेच नाही. वाघेश्वराच्या देवळाच्या पायऱ्या त्यानंतर बुडाल्या. ते देऊळ अजून उन्हाळ्यात धरणातून वर येते, त्या दिवसांतही आले होते, आणि दोघे-तिघे म्हातारे नुकतेच जाऊन पाहून आले होते. एकाने कोणते घर कोणत्या आठवड्यात रिकामे झाले याची उजळणी सुरू केली, तेव्हा आजींनी त्याला गप्प केले. "त्यांचं चालू द्या की आता."

पुढचे नाटक कापडाशिवाय झाले. सुनेने तांब्या खाली ठेवला, रिकाम्या जागेत विहीर आहे असे समजून वाकून पाहिले आणि हात घातला. हाताला पाणी अपेक्षेपेक्षा फार लवकर लागले. तिने हात बाहेर काढला आणि सासूकडे पाहिले. संवाद नव्हता. पटांगणात कुणी खोकलेही नाही.

या प्रसंगाला गुण नाहीत, कारण परीक्षा होऊन गेली होती. विभागाकडे दिलेली तिची वही कापडाची आहे, आणि तीही एव्हाना रद्दीच्या वाटेला लागली असेल. पण तिने आधी एक झेरॉक्स काढून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या ओट्यावर बसून त्या झेरॉक्सवर लिहीत होती. मी ती प्रत हा लेख लिहिण्यासाठी मागून आणली आहे आणि परत द्यायची आहे. बाविसाव्या पानावर 'निळे कापड, डावी विंग, संथ' या ओळीवर पेन्सिलीने काट मारली आहे. उजव्या बाजूला तारीख आहे, आणि खाली तिच्या बारीक अक्षरात: कापड नको. विहीर. हात कोपरापर्यंत नाही, मनगटापर्यंतच. आजीला विचारून.